तो पितो, आपण घेतो

पेणच्या कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात मी तेहतीस वर्षं टायपिंग केलं. त्यातली बरीचशी वर्षं एकच वाक्य टाइप करण्यात गेली असावीत, असं आता वाटतं: ‘आंबट उग्र वासाची गावठी हातभट्टीची दारू विनापरवाना कब्जात बाळगलेल्या स्थितीत मिळून आली.’ पंचनामा कुठल्याही गावचा असो, वास आंबट आणि उग्रच. गोड वासाची दारू आमच्या तालुक्यात पोलिसांना कधी मिळून आली नाही.

एकदा जामिनाच्या कागदावर सही करायला आलेला एक माणूस बाकावर बसला होता. वकील आतून ओरडले, “ती पासष्ट ईची फाइल आण रे.” शिपायानं विचारलं, “कुठली, ती हातभट्टीवाली?” बाकावरचा माणूस माझ्याकडे वाकला आणि हळूच म्हणाला, “भाऊ, मोहाची होती हो. हातभट्टीची नव्हती.” त्याच्या दृष्टीनं हा इज्जतीचा प्रश्न होता. हातभट्टीची म्हणजे काळा गूळ, नवसागर आणि आणखी काय काय टाकलेली. मोहाची म्हणजे फुलाची, घरची. कायद्याला त्या फरकाशी काही देणंघेणं नव्हतं. दोन्ही दारूबंदी कायद्याच्या कलम ‘पासष्ट ई’खालीच. त्या दिवशी एका बाद झालेल्या कागदाच्या पाठीवर मी तीन शब्द लिहून ठेवले. पंचनाम्यातला प्लास्टिकचा कॅन एकच होता, नावं तीन. पुढे अशा कागदांच्या दोन वह्या झाल्या, आणि त्या वह्यांची ही पुस्तिका.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत लोक दारूला आणि दारूभोवतीच्या गोष्टींना काय काय म्हणतात, एवढंच यात आहे. एसटीत, दिवा–रोहा गाडीत, हळदीच्या मांडवात, वडखळच्या नाक्यावर आणि अर्थात कोर्टाच्या व्हरांड्यात जे कानावर पडलं ते टिपलं. भाषाशास्त्र मी शिकलेलो नाही. ‘तुम्ही स्वतः घेता का?’ हे कोणी ना कोणी विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो: घेतो. थोडी. ‘पितो’ असं मी का लिहिलं नाही, ते पुढे येईल.

‘दारू’ या शब्दापासून सुरुवात करणं भाग आहे. तो फारसीतून आला आणि तिथं त्याचा अर्थ औषध. मराठीत येऊन त्यानं दोन धंदे धरले, एक बाटलीतला आणि एक तोफेतला. दारूगोळा, दारूकाम, दारूखाना हे सगळं दुसऱ्या धंद्यातलं. किल्ल्यावर सहल गेली आणि गुरुजींनी ‘हे दारूचं कोठार’ म्हणून दाखवलं की पोरं अजून खिदळतात. औषधाचा मूळ अर्थ मात्र पुसला गेला, असं कोशांवरून वाटतं. मला तसं वाटत नाही. आमच्या आजोबांच्या कपाटात ब्रँडीची एक बाटली असे. थंडीतापाला, बाळंतिणीला, कोणाला चक्कर आली तर, आणि यातलं काहीच नसलं की आजोबांना. घरात तिचं नाव ‘औषध’. दवाखान्यातून आणलेली बाटली ती ‘डॉक्टरचं औषध’. म्हणजे फारसीचा एक शब्दही न जाणणाऱ्या आमच्या घरात दारूचा फारसी अर्थ सुखरूप नांदत होता.

‘शराब’ आमच्याकडे कोणी म्हणत नाही. ती सिनेमात आणि गझलेत. अरबीत तिचा अर्थ नुसता ‘प्यायची वस्तू’, आणि सरबत तिचंच सख्खं भावंड. एक भावंड उन्हाळ्यात पाहुण्यांपुढे येतं, दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. पाण्याच्या नावाआड लपणं तर जगभर चालतं. व्हिस्कीचं मूळ स्कॉटलंडच्या डोंगरी भाषेत ‘जीवनाचं पाणी’, आणि रशियनांची व्होडका म्हणजे लाडानं म्हटलेलं ‘छोटंसं पाणी’. हे कळल्यावर आमच्याकडच्या ‘लाल पाणी’, ‘रंगीत पाणी’ आणि ‘तीर्थ’ या शब्दांबद्दलचा माझा संकोच बराच कमी झाला.

या दोन तालुक्यांचा भूगोल शब्दांत उतरलेला आहे. पश्चिमेला अलिबागकडे अष्टागर, म्हणजे माडांचा मुलूख. माडाची ती माडी, ताडाची ताडी, शिंदीची शिंदी. झाडाचं नाव जरासं वाकवलं की पेयाचं नाव तयार. भंडारी झाडावर चढतो, मडकं उतरवतो. पहाटे उतरवलेला ताजा रस नीरा, आणि तोच ऊन लागून फसफसला की माडी किंवा ताडी. मडकं तेच, झाड तेच, मध्ये फक्त सूर्य वर आला. ही वाटणी निसर्गानं थोडी केली आणि सरकारी खात्यांनी जास्त: नीरेला प्रोत्साहन, माडीला परवाना. ‘सरकारमान्य माडी विक्री केंद्र’ असा फलक वाचून मुंबईहून आलेला आमचा एक पाहुणा म्हणाला होता, “कोकणात वरचा मजला वेगळा विकतात?” त्याला दोष देता येत नाही, माडी दोन्ही ठिकाणी चढावीच लागते.

ताडी तर साहेबाच्या तोंडी ‘टॉडी’ होऊन थेट विलायतेला गेली. तिथल्या थंडीत ‘हॉट टॉडी’ म्हणजे गरम पाणी, व्हिस्की, मध आणि लिंबू. त्यात ताडाच्या झाडाचा थेंबही नाही. शब्द एवढा लांब गेला की घर विसरला.

पूर्वेला आणि दक्षिणेला डोंगर, आणि डोंगराच्या कुशीत कातकऱ्यांच्या वाड्या. तिथं राज्य मोहाचं. चैत्राच्या सुमाराला रात्रभर फुलं गळतात. उजाडायच्या आत बाया आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली. फुलं सुकवायची, भिजत घालायची, आंबू द्यायची, मग मडक्यावर मडकं चढवून गाळायची. पहिली येते ती सगळ्यात कडक. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द इथला. तो आता भलत्याच उजळ माथ्यानं फिरतो. पहिल्या धारेचा विनोद असतो, पहिल्या धारेचं नाटक असतं; एका सत्कार समारंभात वक्त्यानं सत्कारमूर्तींना ‘पहिल्या धारेचे शिक्षक’ म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे. सत्कारमूर्ती खूश होते. ती धार कशाची, याचा सभागृहाला पत्ता नव्हता, किंवा असावा आणि चालवून घेतलं असावं.

मोहाच्या फुलाचं पुढे काय झालं, हे समजून घेतल्याशिवाय ‘चोरटी’, ‘गावठी’ आणि ‘हातभट्टी’ हे शब्द कळत नाहीत. इंग्रजी अमलात १८७८ साली मुंबई इलाख्याला अबकारी कायदा आला आणि गाळण्याचा हक्क गावाकडून मक्त्याकडे गेला. आमच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, दारू गाळण्याचं मोठं ठाणं होतं उरण. तिथल्या भट्ट्या पारशी धंदेवाल्यांच्या आणि त्यांना लागणारी मोहाची फुलं यायची गुजरातेतून. तरी डोंगरातली मडकी थंड होईनात. मग १८९२ साली खास मोहाच्या फुलांवर कायदा झाला, तोही ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी. झाड दारात, फूल दारात गळलेलं, आणि ते वेचून घरात साठवलं की गुन्हा. फुलांवरची सरकारी बंधनं महाराष्ट्रात सैल व्हायला २०२१ साल उजाडावं लागलं. बाकावरच्या त्या माणसाचा ‘मोहाची होती हो’ हा आग्रह मला फार उशिरा समजला. ‘गावठी’ म्हणजे खरं तर गावातली. गावठी कोंबडी महाग असते, गावठी अंडं शहरातली माणसं शोधत येतात. एकट्या दारूला ‘गावठी’ म्हटलं की आरोप होतो.

अबकारीच्या त्या काळानं एक शब्द मात्र आपल्याला कायमचा दिला. भट्टीवर मालाच्या प्रती असायच्या: राशी, फूल, बेवडा. बेवडा म्हणजे दोनदा गाळलेला माल. गुजरातीत दुपटीला तोच शब्द. माल गेला, भट्ट्या गेल्या, आणि मालाचं नाव पिणाऱ्याच्या कपाळी बसलं. आज ‘बेवडा’ ही शिवी आहे. फुलाची गंमत आणखी वेगळी. कडक दारूचं हे ‘फूल’ इंग्रजांच्या कानाला मूर्ख या अर्थाचं ‘फूल’ ऐकू आलं, आणि १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ‘फूल्स रॅक’ अशी चक्क नोंद आहे. त्यातला ‘रॅक’ म्हणजे अरबी ‘अर्क’. मूर्ख नेमकं कोण ठरलं, ते वाचकांनी ठरवावं.

पिणाऱ्याला दुसरा शब्द नाटकानं दिला. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं आणि त्यातला तळीराम हा माणूस सामान्यनाम होऊन बसला. थर्टी फर्स्टच्या आदल्या दिवशी कुठलंही वर्तमानपत्र उघडा, ‘तळीरामांवर पोलिसांची नजर’ असतेच. नाटकाचा नायक सुधाकर, पण सुधाकर कोणाला म्हणत नाहीत. बेवडा आणि तळीराम यांत फरक आहे तो वर्गाचा. तळीराम गाडी चालवत असतो, बेवडा रस्त्याकडेला पडलेला असतो.

मापांच्या शब्दांवर मी सगळ्यात जास्त पानं खर्च केली आहेत, आणि त्याबद्दल दिलगीर नाही. नवटाक घ्या. शेराचा आठवा भाग म्हणजे नवटाक. शेर, पावशेर, अदपाव हे सगळं दशमान पद्धतीनं साठ वर्षांपूर्वी बाजारातून उठवलं. आज पेणच्या बाजारात किराणावाल्याकडे नवटाक चहापत्ती मागितली तर तो तुमच्याकडे बघत राहील. पण ‘नवटाक मारून आलोय’ म्हटलं की त्याचा नातूसुद्धा समजतो. राज्यं गेली, मापं गेली, नवटाक टिकली. तिच्या शेजारी आता ‘नाइन्टी’ आली आहे, म्हणजे नव्वद मिलीची देशी. या दोघींची मापं वेगळी आहेत, पण म्हातारे नवटाक म्हणतात तिलाच पोरं नाइन्टी म्हणतात, आणि काउंटरवरचा माणूस दोघांपुढे एकच बाटली ठेवतो.

पूर्ण बाटली ती खंबा. एकशे ऐंशी मिलीची ती क्वार्टर किंवा चपटी. चपटी हा मला या सगळ्यांत सुरेख वाटणारा शब्द. आकारावरून पडलेला आणि खिशाच्या शिवणीला नेमका बसणारा. धाटावची एमआयडीसी, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, डोलवीचा पोलाद कारखाना यांच्याबरोबर उत्तरेकडची माणसं आली आणि त्यांच्याबरोबर ‘पव्वा’ आणि ‘ठर्रा’ आले. कारखान्यांनी आणखी एक घोळ केला. नव्यानं लागलेल्या कामगाराला गावाकडून फोन यायचा, “क्वार्टर मिळाली का?” आणि इकडे चारचौघांत हशा पिकायचा.

चपटीचं दुसरं आयुष्य पहिल्यापेक्षा लांब असतं. आमच्याकडे तिच्यात फिनेल असतं, रॉकेल असायचं, कोकमाचं आगळ असतं, पूजेसाठी आणलेलं गोमूत्रसुद्धा असतं. पेणच्या बाजारात कातकरी बाया मध विकायला बसतात तो चपटीतच. मी एकदा एक बाटली हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. लेबल खरवडून काढलेलं, पण काचेत उठवलेली अक्षरं तशीच. बुचाच्या जागी प्लास्टिकचा तुकडा, त्यावर दोऱ्याचे चार वेढे. आत मधाबरोबर मेणाची एक बारीक चकती आणि एक मेलेली माशी. “या बाटलीला तुम्ही काय म्हणता?” मी विचारलं. बाई माझ्याकडे वेड्यासारखं बघत म्हणाली, “मधाची बाटली.” संग्रहात ही नोंद मी ‘म’खाली केली आहे.

सरकारी शब्दांचं प्रकरण वेगळं करावं लागलं, कारण त्यांचा अर्थ शब्दाच्या विरुद्ध दिशेला असतो. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदी कायदा झाला. बंदी पुढे साठच्या दशकात सैल झाली, कायदा मात्र नावानिशी अजून आहे. म्हणजे दारूविक्रीचे परवाने ज्या कायद्याखाली मिळतात त्याचं नाव ‘दारूबंदी अधिनियम’. पिणाऱ्याजवळही कायद्यानं परवाना लागतो. एका दिवसाचा मिळतो, आजन्मही मिळतो. ‘परमिट रूम’ हा शब्द त्यातून आला आणि इतका रुळला की आत बसलेल्या माणसाला परमिट कशाचं, हे विचारायचं सुचत नाही. दारूवर लक्ष ठेवणारं खातं ‘राज्य उत्पादन शुल्क’. नावात दारूचा वाससुद्धा नाही, ना आंबट ना उग्र. महाराष्ट्रातच गाळलेली आणि इथंच खपणारी व्हिस्की म्हणजे ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’. आणि ‘वाइन शॉप’मध्ये वाइन सोडून सगळं खपतं.

कोर्टात तर आकडेच शब्द होतात. बाळगली किंवा विकली तर ‘पासष्ट ई’, पिऊन रस्त्यावर धिंगाणा घातला तर ‘पंच्याऐंशी’, पिऊन गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याची ‘एकशेपंच्याऐंशी’. २०१७ साली काही महिने ‘पाचशे मीटर’ हाही एक दारूवाचक शब्द होता. सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून तेवढ्या अंतरात विक्रीला मनाई केली, आणि पेण तर मुंबई–गोवा महामार्गावरच वसलेलं. तेव्हा आमच्याकडे हॉटेलाची ओळख ‘आतलं’ आणि ‘बाहेरचं’ अशी होत असे.

पंचनाम्यातल्या ‘रसायन’ या शब्दाला एक ओळ दिलीच पाहिजे. आंबवलेल्या गुळाच्या पाण्याला पोलीस ‘कच्चे रसायन’ म्हणतात आणि ते ‘जागीच नष्ट करण्यात येते’. आयुर्वेदात रसायन म्हणजे म्हातारपण लांबवणारं औषध. दिवा–रोहा गाडीच्या वाटेवर रसायनी नावाचं स्टेशन आहे, तिथं रसायनं कारखान्यात होतात. आणि रोह्यात तर ‘रसायनात आहे’ म्हणजे धाटावला नोकरीला आहे. एका साक्षीदारानं ‘आरोपी रसायनात काम करतो’ असं सांगितलं तेव्हा झालेला गोंधळ निस्तरायला वकिलांना दहा मिनिटं लागली.

आता ‘घेतो’कडे. मराठीत दारूचं खरं व्याकरण नामात सापडत नाही, ते क्रियापदात सापडतं. तो पितो, ते घेतात, मी कधीतरी घेतो. गडी ढोसतो, साहेब ड्रिंक घेतात. जावई नवा असेल तर सासरा विचारतो, “तुम्हाला चालतं ना?” या ‘चालतं’ला कर्ता नाही, कर्म नाही, काही नाही, पण मासे चालतात का हे विचारायचं असतं तेव्हा आवाज मोठा असतो आणि हे विचारताना बारीक, एवढ्यावरून जावयाला कळतं. ‘सोय’ हा असाच शब्द. लग्नात आणि निवडणुकीत ‘सोय आहे ना?’ म्हटलं की झोपायची सोय कोणी समजत नाही. पार्टी ओली किंवा सुकी. ज्या मुलखात बोंबील आणि जवळा ओलाही मिळतो आणि सुकाही, तिथं हे विशेषण आपोआप सुचलं असणार.

इंग्रजी शब्द आले ते या व्याकरणात सोन्यासारखे बसले. आमच्याकडे ‘इंग्लिश’ म्हणजे देशी नसलेली सगळी. “देशी का इंग्लिश?” यावरून माणसाची ऐपत कळते, आणि इंग्लिश दोन पेग पोटात गेली की बोलणंही इंग्लिश होतं, हा अनुभव सर्वांचा आहे. स्थळं बघताना मुलाचा बाप म्हणतो, “ऑकेजनली घेतो.” त्याच्या जागी ‘सणासुदीला दारू पितो’ असं म्हणून बघा, अर्थ तंतोतंत तोच, पण लग्न मोडेल. ड्रिंक, पेग, स्मॉल, सोशल, चिल्ड हे शब्द परके आहेत म्हणून येत नाहीत. ते पडद्यासारखे उपयोगी पडतात म्हणून येतात. बिअरला तर पडदाही लागत नाही. “बिअर म्हणजे काय दारू आहे?” असं विचारणारा माणूस मुतखड्याचं कारणही तयार ठेवून असतो. दुसऱ्याच्या पेल्यात असते ती दारू. स्वतःच्या पेल्यात असलेल्या वस्तूला दुसरं नाव लागतं. या पुस्तिकेतले निम्मे शब्द या एका गरजेतून आले आहेत, असं माझं मत आहे.

एका क्रियापदाबद्दल मात्र रायगडबाहेरच्या वाचकाला सावध केलं पाहिजे. ‘बसणे’. महाराष्ट्रभर ‘संध्याकाळी बसू’ म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. पण आमच्या जिल्ह्यात ‘बैठक’ म्हणजे निरूपणाची बैठक. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी १९४३ पासून दासबोधावर निरूपण सुरू केलं आणि त्या बैठकांनी आगरी-कोळी गावांतली किती मडकी पालथी केली, ते इथं राहणाऱ्यालाच माहीत. दुसरीकडे रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा स्वाध्याय. आणि ज्या गांधीविचारात दारूबंदी हे मोठं कलम होतं, त्या विचाराचे विनोबा भावे जन्मले ते पेण तालुक्यातल्या गागोद्यात, १८९५ साली. दारू सोडवणाऱ्यांचं असं पीक एकाच जिल्ह्यात यावं, याचं कारण तिथली जमीन कशाला सुपीक होती हे बघितलं की कळतं. तर, ‘तो हल्ली रोज बसतो’ म्हणजे तो बिघडला, आणि ‘तो हल्ली बैठकीला बसतो’ म्हणजे सुधारला. मध्ये एवढासा शब्द. माझ्या ओळखीचा एक नवखा बँक अधिकारी ‘या, रविवारी बैठक आहे’ हे आमंत्रण ऐकून सोडा आणि चकणा घेऊन पोचला होता. त्याला आत घेऊन बसवलं. चकणा प्रसादात वाटला गेला, असं सांगतात; मी पाहिलेलं नाही.

‘सोडली’ हेही तसंच. कर्म सांगायची गरज नाही. नोकरी सोडली, बायको सोडली हे पूर्ण सांगावं लागतं. नुसतं ‘त्यानं सोडली’ म्हटलं की एकच अर्थ. आणि बाटली ‘आडवी’ करणं हा तर थेट मतपत्रिकेतून आलेला शब्द. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावर मतदान घेण्याचे नियम राज्य सरकारनं २००८ साली नव्यानं काढले. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान. चिन्हं दोन: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. तेव्हापासून बायकांच्या बोलण्यात ‘आमच्या गावात आडवी झाली’ हे बाळंतपण सुखरूप झाल्यासारखं येतं.

गटारीची नोंद लांबली आहे, कारण तिच्यावरून वाद फार. आषाढ अमावास्येला घरात दिवे पूजतात आणि घराबाहेर गटारी असते. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. ‘गतहारी’ असा तिचा मूळ संस्कृत शब्द असल्याचं अलीकडे दरवर्षी मोबाइलवर येतं. मला ती सारवासारव वाटते. गटारात पडण्यावरून आलेला हा शब्द प्रामाणिक आहे, त्याला सोवळं नेसवायचं कारण नाही. पेणमध्ये गटारीची वेळ मोठी अडचणीची. गणपतीच्या कारखान्यांत तेव्हा रात्रंदिवस काम. हमरापूरकडच्या एका कारखान्यात आखणी चालली होती, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. कारागीर मांडी घालून बसलेला, श्वास रोखलेला, दोन केसांचा वाटावा असा ब्रश. बाहुलीचा काळा ठिपका ठेवून झाल्यावर त्यानं श्वास सोडला. मी विचारलं, “उद्या गटारी ना?” तो म्हणाला, “आमची गटारी गणपती गेल्यावर. आत्ता हात हलला तर देव तिरळा होईल.”

या संग्रहात एक मोठं खिंडार आहे आणि ते माझ्या लक्षात शेवटी आलं. शब्द देणारे जवळजवळ सगळे पुरुष. बायकांना विचारलं की त्या एकच शब्द सांगायच्या: दारू. ना नवटाक, ना तीर्थ, ना इंग्लिश. साहेबाची बायको काय नि मिठागरातल्या मजुराची काय, दोघींकडे तोच. ज्याला लपवायचं असतं त्याला शब्द जास्त लागतात.

रोह्याच्या अलीकडे एका गावात मी हे एका म्हाताऱ्या बाईला बोलून दाखवलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, “आम्ही शब्द कशाला ठेवू? आम्ही चपला ऐकायचो.” मला कळलं नाही. मग तिनं समजावून सांगितलं. अंगणात चपला काढून आला, तर घेतलेली नाही. दारात काढल्या, एक इकडे एक तिकडे, तर घेतली आहे, पण जेवून झोपेल. चपला न काढताच उंबरा ओलांडला, तर पोरांना मागच्या दारानं शेजारी पाठवायचं.

या तीन नोंदी कोणत्या अक्षराखाली घालाव्यात, ते मला ठरवता आलं नाही. म्हणून त्या इथं, प्रस्तावनेत ठेवल्या आहेत.